कोकमाचे आमसूल आणि बाटलीतील गोळी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपली कुटुंबे आज एकत्र जमली आहेत. अशा आनंदाच्या प्रसंगी मेदवृद्धीचा विषय काढणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु वजन उतरविणाऱ्या 'नैसर्गिक' गोळ्यांच्या बाटल्या आपल्या घरांत शिरल्या आहेत, आणि त्यांपैकी एक आमच्याही फडताळात होती. म्हणून हे चार शब्द.

त्या बाटलीवर 'गार्सिनिया' असे नाव होते. हे आपल्या कोकमाचेच कुळ होय. ज्याची आमसुले आपण आमटीत घालतो, त्या फळात हायड्रॉक्सिसायट्रिक नावाचे आम्ल असते. कोकमाच्या मलबारी भाऊबंदातील हे आम्ल १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकांतन यांनी ओळखले. जादा साखरेची चरबी करण्याचे काम यकृतात ज्या एन्झाइमामुळे चालते, त्यास हे आम्ल अडविते. प्रयोगशाळेतील उंदरांत त्याचा गुण दिसला, आणि तेवढ्यावर बाजार उभा राहिला.

माणसांत काय घडले? १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे प्रयोग झाला. काहींना रोज दीड ग्रॅम आम्ल दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. आहाराचे पथ्य दोघांनाही सारखेच होते. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, पोकळ गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो! शास्त्रज्ञांनी हा फरक अर्थपूर्ण मानला नाही; तथापि गोळीने काही साधले नाही, हे उघड झाले.

आमची हकीकत अशी. मधुमेहाची औषधे चालू असता आम्ही ती गोळी तीन महिने घेतली. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही घेता काय?" आम्ही "नाही" म्हणालो, झाडपाल्याची वस्तू औषधात कशी धरावी? पुढे रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले, तेव्हा सौभाग्यवतींनी बाटली डॉक्टरांपुढे ठेवली. गोळी बंद केल्यावर आकडे उतरले. कारण तेच होते, असे डॉक्टरांनी शपथेवर सांगितले नाही. परंतु गार्सिनियायुक्त गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, हे मात्र सांगितले. दोष आम्ही लपविण्यास देतो.

निसर्गातील द्रव्ये निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून मिळालेल्या लिपस्टॅटिनवरूनच ऑर्लिस्टॅट हे स्थूलतेवरील औषध तयार झाले. परंतु ते मोजून, पारखून, वैद्यकीय सल्ल्याने घ्यावयाचे औषध आहे.

मग कोकम टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे. आमसुलाचे पाणी मीठ-जिरे घालून प्यावे; बाटलीतील सरबतात मात्र साखरच फार. पावसाच्या तोंडावर बदलापूर स्थानकाबाहेर जांभळांच्या पाट्या येतात, तीही आनंदाने खावीत. फळ हे फळ म्हणून खावे, त्याकडून चमत्कार मागू नये.

"आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असे बारीक अंगाच्या मंडळींनीही म्हणू नये. पुण्याचे डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. युडकिन यांची तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून काट्याबरोबर शिंप्याची फीतही वापरावी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर झाली की सावध व्हावे.

मंडळास आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पुढील संमेलनात सरबताऐवजी बिनसाखरेचे कोकमपाणी ठेवावे, आणि दाराशी एक फीत ठेवावी. आणि घरोघरी एवढे व्हावे, की डॉक्टरांकडे जाताना फडताळातील प्रत्येक बाटली पिशवीत घालून न्यावी. संकोच आम्ही केला. तो आपण करू नये.