नेट घेण्याआधी घरात तपासा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, आपल्या या पट्ट्यात स्टेशनजवळ रेंज फुल असते, पण चाळीतल्या आतल्या खोलीत शिरलं की गायब. आमच्या गटातल्या एकीने शेजारणीचं ऐकून ८४ दिवसांचा रिचार्ज मारला. पैसे गेले, आणि मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी.

मग आम्ही जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल अशी वेगवेगळी सिमं असलेले आपापले फोन घेऊन तिच्या घरी गेलो. मुलगी अभ्यासाला बसते त्याच कोपऱ्यात, रात्री आठ-नऊला, दार लावून, प्रत्येक फोनवर एकच व्हिडिओ लावला. ज्यावर तो अडकला नाही, ती कंपनी घेतली. तीही आधी २८ दिवसांसाठीच.

नंबर बदलावा लागत नाही. सिम घेऊन ९० दिवस झाले असतील, तर इंग्रजीत पोर्ट लिहा, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० वर मेसेज पाठवा. आलेला कोड आणि आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. कोड फोनवर मात्र कुणालाही सांगू नका.

पुढच्या बैठकीला सगळ्याजणी आपले फोन चार्ज करून आणा. एकेकीच्या घरी जाऊन बघू या.