कुठे खावं? आधी वेळ सांगा!

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



मुंबईकराला बाहेरगावचे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. लोकलमध्ये चढायचं कसं, हा पहिला आणि चांगलं हॉटेल कुठलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मागची गर्दीच देऊन टाकते. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्याला द्यावं लागतं आणि तिथे आपण अडखळतो. कारण प्रश्न अर्धाच असतो. चांगलं, पण किती वाजता? सकाळी सात वाजता जे हॉटेल स्वर्ग वाटतं, तिथे रात्री नऊला कदाचित कुलूप असेल.

आज मी पंचतारांकित हॉटेलांबद्दल बोलणार नाही. त्यांच्या जाहिराती त्यांनाच परवडतात. मी बोलणार आहे साध्या हॉटेलांबद्दल. जिथे आधी फोन करून टेबल राखावं लागत नाही, कपडे बदलून जावं लागत नाही आणि समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर कुणाला नवल वाटत नाही. अशी हॉटेलं निवडण्याची माझी एक पद्धत आहे. हॉटेलात शिरण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, हे मुळात कुणासाठी उघडलं असेल? त्याचं उत्तर मिळालं, की काय मागवायचं आणि किती वाजता जायचं, हे आपोआप कळतं.

सकाळपासून सुरुवात करू. मरीन लाइन्स स्थानकावरून धोबीतलावला चालत या. मेट्रो सिनेमाच्या समोर 'कयानी' आहे, १९०४ सालचं. जवळच 'ससानियन' आहे, १९१३ सालचं. इराणातून आलेल्या झोरास्ट्रियन मंडळींनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर अशी हॉटेलं थाटली. ती कुणासाठी होती? घरदार गावी ठेवून या शहरात एकट्यानं आलेल्या माणसासाठी. त्याच्या खोलीत चूल नव्हती. त्याला एक कप चहा, एक पाव आणि वाचायला पेपर हवा होता, आणि जात-धर्म न विचारता बसू देणारी खुर्चीही हवी होती. इराण्यानं ती दिली. म्हणून इराण्याकडे एकट्यानं जाण्यात कमीपणा नाही, उलट एकट्यानंच जावं. ब्रून मस्का मागवा. कडक कवचाचा तो पाव चहात बुडवल्याशिवाय दाताला वश होत नाही. सोबत मावा केक घ्या, आणि भूक जास्त असेल तर अकुरी किंवा खिमा पाव.

याच धोबीतलावला 'बस्तानी' नावाचं हॉटेल होतं. गिऱ्हाइकानं काय काय करू नये, याच्या सूचनांची पाटी तिथे लावलेली असे. कवी निसिम एझिकेल यांनी त्या सूचनांवरूनच इंग्रजीत एक कविता केली. 'बस्तानी' २००४ साली बंद झालं. हॉटेल गेलं, पाटी कवितेत उरली.

नाश्त्यासाठी दुसरा मुक्काम माटुंगा. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि ट्रस्टनं दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती उभारल्या. दक्षिणेतून आलेली नोकरदार कुटुंबं इथे स्थिरावली आणि त्यांच्या मागोमाग इडली आली. स्टेशनजवळचं 'राम आश्रय' १९३९चं. ते भल्या सकाळी उघडतं, कारण त्याचं गिऱ्हाईक गाडी पकडणारं आहे. तिथला शिरा आणि उपमा सोडू नका. किंग्ज सर्कलजवळचं 'कॅफे मद्रास' १९४०चं. रविवारी तिथे फुटपाथवर रांग लागते, तेव्हा शक्य असेल तर मधल्या वारी जा. डोसा, पाठोपाठ फिल्टर कॉफी, आणि उठा. पाठीमागे माणसं उभी असतात. उडप्याच्या हॉटेलात गप्पा रंगवायच्या नसतात, तो मान इराण्याचा.

माटुंग्यातच दुपारचं जेवायचं असेल तर स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे. लहान वयात दक्षिण कॅनरातून मुंबईत आलेले, भांडी घासण्यापासून सुरुवात केलेले ए. रामा नायक यांनी १९४२ साली ते सुरू केलं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. नावातला 'बोर्डिंग' हा शब्द पाहा. घरापासून दूर असलेल्या माणसाला रोजचं जेवण देणं, हाच त्याचा अर्थ. म्हणूनच तिथलं जेवण रोज खाल्लं तरी पोटाला बाधत नाही. साध्या हॉटेलाची माझी कसोटी हीच. एकदा जेवून 'वा!' म्हणायला लावणारी हॉटेलं पुष्कळ आहेत, पण सलग दहा दिवस जेवता येईल अशी थोडी.

दुपारी फोर्टच्या बाजूला असाल तर बॅलार्ड इस्टेटमध्ये जा. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्ट ट्रस्टनं उभी केलेली ही ऑफिसांची वसाहत. तिथे १९२३ साली 'ब्रिटानिया' सुरू झालं, ऑफिसातल्या माणसांना दुपारी जेवू घालण्यासाठी. म्हणून ते दुपारचंच हॉटेल आहे, रात्रीच्या जेवणाला तिथे जाऊ नका. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. इराणी झरेश्क म्हणजे छोटी, लाल, आंबट फळं वर पेरलेला हा पुलाव. सोबत रासबेरी सोडा घ्यावा. टेबलापाशी येऊन गिऱ्हाइकांची चौकशी करणारे तिथले बोमन कोहिनूर २०१९ साली, वयाच्या नव्वदी पलीकडे वारले. हे हॉटेल आता खिशाला जरा जड पडतं, हेही सांगून ठेवतो. दोघांत एक पुलाव घेतलात तर कुणी वाईट मानणार नाही.

श्रोतेहो, आता मी ज्या जेवणाबद्दल बोलणार आहे, त्याच्या दारावर पाटी नव्हती. लालबाग, परळ, डिलाईल रोड या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसं एकटी आली. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायची आणि पाळीपाळीनं कामावर जायची. त्यांना जेवू घालत त्या चाळीतल्या खानावळवाल्या बाया. महिन्याच्या हिशोबानं गिऱ्हाईक बांधलेलं, पगार झाला की पैसे. वाणसामान उधारीवर आणि ती उधारी भागवायला सावकार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. कामगाराचा पगार थांबला, तेव्हा त्याला जेवू घालणारीचा पगारही थांबला. संपाच्या इतिहासात तिचं नाव क्वचित येतं. त्या खानावळी पुढे विरत गेल्या, कारण ज्यांच्यासाठी चूल पेटायची ती माणसंच गावी परतली.

त्या खानावळींच्या चवीची आठवण हवी असेल, तर मालवणी आणि गोमंतकी हॉटेलात जावं. वांद्रे पूर्वेला गांधीनगरात 'हायवे गोमंतक' आहे. जवळच सरकारी वसाहत, त्यामुळे गिऱ्हाईक चोखंदळ आणि पैशाला जपून. दादरला 'सिंधुदुर्ग' आहे, 'चैतन्य' आहे. अशा ठिकाणी मेन्यू कार्ड उघडण्याआधी 'आज ताजं काय आलंय?' एवढं विचारायची सवय लावून घ्या. पापलेट-सुरमईचाच हट्ट धरू नये. मांदेली, बोंबील, बांगडा हे मासे स्वस्त आणि चवीला कमी नाहीत. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत सुक्या जवळ्याची चटणी किंवा तिसऱ्यांचं सुकं मिळालं तर ते घ्या. जेवण झाल्यावर सोलकढी प्यावी आणि पाच मिनिटं काही बोलू नये.

संध्याकाळ दादरची. स्टेशनाबाहेर पश्चिमेला मामा काण्यांचं 'स्वच्छ उपाहारगृह' आहे, १९१० सालचं. नावातच 'स्वच्छ' हा शब्द! बाहेर खाणं म्हणजे काहीतरी अपराध, असं मानणाऱ्या घरांतल्या माणसांना धीर देण्यासाठीच तो घातला असावा, असा माझा तर्क आहे. बटाटेवडा घ्यावा आणि गाडी पकडावी. वेळ असेल तर शिवसेना भवनाच्या परिसरात या. 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. 'आस्वाद'मध्ये मिसळ, जिला २०१५ साली लंडनमध्ये पुरस्कार मिळाला. पुरस्कारानंतर रांग वाढली. मात्र गर्दीच्या वेळी तिथे थालीपीठ मागवावं, असं मी सुचवेन. मिसळीवर जगाचा हक्क झाला, थालीपीठ अजून आपलंच आहे.

रात्री उशिरा भूक लागली तर दोन दिशा आहेत. ताडदेवला 'सरदार'ची पावभाजी. लोण्याचा हात तिथे इतका सैल, की प्रकृतीच्या तक्रारी असणाऱ्यांनी आधी सांगावं. आणि मांसाहारी असाल तर भेंडी बाजारात 'नूर मोहम्मदी', १९२३ सालचं. तिथली नल्ली निहारी खावी. निहारी मुळात सकाळचा पदार्थ. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि पहाटे कष्टाच्या कामाला जाणाऱ्यानं खायची. मुंबईनं ती रात्रीलाही आपलीशी केली, कारण या शहरात कुणाची तरी सकाळ नेहमी चालूच असते.

ही झाली यादी. पण यादी देऊन थांबलो, तर निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. ही हॉटेलं स्वस्त कशी राहिली, याचाही विचार केला पाहिजे. पुष्कळशी जुनी हॉटेलं पागडीच्या, जुन्या भाड्याच्या जागेत आहेत. भाडं नाममात्र, म्हणून एका चहावर तासभर बसू देणं परवडलं. इमारत मोडकळीला आली, तिथे टॉवर उभा राहायचं ठरलं, की तो हिशोब संपतो. नव्या दरानं जागा घेऊन चहा विकायचा म्हटलं, तर चहाची किंमत सांगताना मालकालाच संकोच वाटेल. दुसरीकडे, ज्यांच्यासाठी हॉटेल उघडलं ती माणसंही हलतात. गिरण्या गेल्या, फोर्टातली कितीतरी ऑफिसं बांद्रा-कुर्ला संकुलात गेली. मालकाची मुलं शिकून दुसऱ्या व्यवसायात गेली, तर त्यांना दोष कसा द्यायचा? पहाटे चारला उठून भट्टी पेटवणं, हे काम दुसऱ्यानं करावं असं म्हणणं फार सोपं असतं.

त्यातून आपली एक चमत्कारिक सवय. जहांगीर कलादालनातलं 'समोवार' १९६४ साली सुरू झालं आणि मार्च २०१५मध्ये बंद झालं. शेवटच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा नव्हती. लोकांनी फोटो काढले, आठवणी सांगितल्या, डोळे पुसले. त्या हॉटेलाचा प्रश्न वेगळा होता, जागेचा वाद होता, गिऱ्हाइकानं तो सुटला नसता. पण इतर ठिकाणीही हेच घडतं. बंद पडल्याची बातमी आली, की आपण निरोप द्यायला धावतो. हॉटेल मात्र निरोपाच्या गर्दीवर चालत नाही. ते चालतं कुठल्याही मंगळवारी दुपारी येऊन राइस प्लेट मागवणाऱ्या गिऱ्हाइकावर.

आणि हा प्रश्न फक्त चवीचा नाही. शहरात एकट्या माणसाला थोड्या पैशात, कुणाची परवानगी न घेता बसता येईल अशा जागा किती उरल्या आहेत? नोकरीच्या शोधात आलेला मुलगा, हॉस्पिटलात कुणाला भेटायला आलेली बाई, निवृत्तीनंतर घरात दुपार न सरणारे आजोबा, यांनी कुठे बसायचं? चकचकीत कॉफीच्या दुकानात एका कपाला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात साध्या हॉटेलात एखाद्याचं जेवण होतं. ते हॉटेल गेलं, की त्या माणसाची शहरातली एक खुर्ची गेली.

म्हणून माझी शिफारस शेवटी अशी आहे. मी सांगितलेल्या नावांपैकी एक निवडा. तुम्ही पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात असाल तर तुमच्या गावातलं निवडा. निवडताना पाहा, की पदार्थ मोजकेच आहेत ना, दुपारनंतर एखादा पदार्थ 'संपला' असं सांगतात ना, आणि वेटर एखाद्या गिऱ्हाइकाला न विचारताच त्याचा नेहमीचा चहा आणून ठेवतो ना. ही तीन लक्षणं दिसली, की खुशाल बसा. रविवारची वाट पाहू नका, साधा वार निवडा. समोर अनोळखी माणूस बसला तर पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवा. पोट भरल्यावर जेवण चांगलं झालं, असं गल्ल्यावर सांगा. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.