मेंढा एकट्याचा नसतो



आज आपल्या दख्खनी मेंढीविषयी दोन शब्द बोलणार आहोत. मेंढरे तुम्ही राखता. आम्ही जन्मभर फळा आणि खडू राखला. मेंढी कशी चारावी हे आम्ही तुम्हाला काय सांगणार?

ही मेंढी काळी, काटक. माळावरच्या खुरट्या चाऱ्यावर जगते, कोसच्या कोस चालते. लोकर राठ खरी. पण तिचेच घोंगडे सनगर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. ते पावसात पांघरायला, रात्री अंथरायला. आता मात्र लोकरीला गिऱ्हाईक नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही. पैसा मटणात. म्हणून कोणी जत भागातला उंच माडग्याळ मेंढा आणतो. कोकरू वजनाला भरते, चार पैसे जास्त येतात. त्याला दोष कसा द्यावा? घरात खाणारी तोंडे असतातच की! माडग्याळही आपल्या जागी चांगलीच. पण अशा पैदाशीत लोकर कमी होत जाते, आणि दोन-चार पिढ्यांत मूळ जात ओळखू येत नाही.

एकट्याने चांगला मेंढा राखून हे थांबत नाही. वाड्यात चार घरची मेंढरे एकत्र चरतात. शेजारचा मेंढा मेंढीला मालकाचे नाव थोडाच विचारतो! म्हणून मेंढा सर्वांनी मिळून निवडायचा. त्यासाठी संघ हवा.

असा संघ इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात आहे. तिथली हर्डविक मेंढीही राठ लोकरीची. 1916 साली पाळणाऱ्यांनी संघ काढला, निवडक जनावरांची वही ठेवली. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटर बाईंनीही या मेंढ्या पाळल्या. 1943 साली त्या वारल्या. आपली शेते त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली आणि तिथे हर्डविकच राहाव्यात असे सांगून ठेवले. 2001 साली लाळ्या-खुरकताची साथ आली, हजारो मेंढ्या माराव्या लागल्या. तरी जात टिकली.

आपल्या संघाला फार भांडवल नको. चांगल्या मेंढ्याच्या कानाला बिल्ला. वहीत त्याचे आई-बाप, जन्माचा महिना. बाकीचे नर वेळेवर खच्ची करायचे. दोन वर्षांनी मेंढे कळपाकळपांत बदलायचे, म्हणजे बापाचीच लेकीशी गाठ पडत नाही. लोकरही एकत्र विकायची. एका पोत्यासाठी व्यापारी येत नाही, गाडीभर असली तर निदान भाव तरी विचारतो.

वही लिहायची कोणी? तुम्हीच. आकडे येतात, नावे येतात. आणखी काय लागते? उद्या वर्गात पहिले पान आखू. ज्यांच्याकडे पैदाशीचा मेंढा आहे त्यांनी त्याचे वय आठवून यावे.