राजीनामा नव्हे, स्वेच्छानिवृत्ती!

(शिरूर कासार येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दिवाळी सरली की सिंदफणेच्या काठच्या या तालुक्यातून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्या घरातला एखादा मुलगा शिकून शिक्षक, तलाठी वा शिपाई झाला, त्या घराच्या हातातला कोयता त्याच्या पगाराने खाली ठेवला. म्हणूनच अशा माणसाने मुदतीपूर्वी सेवा सोडली आणि त्याचे निवृत्तिवेतन अडकले, तर तो एकट्याचा प्रश्न राहत नाही. कोयता पुन्हा त्या घराची वाट पाहू लागतो.

मुदतीपूर्वी सेवा सोडण्याची कारणे अनेक असतात. कुणाला आजार गाठतो, कुणाला वृद्ध आईवडिलांची सेवा करायची असते, तर कुणी उरलेले आयुष्य समाजकार्याला वाहू इच्छितो. हेतू कितीही उदात्त असला, तरी अर्जातील एक शब्द चुकला की सारे आयुष्य पणाला लागते. तो शब्द म्हणजे ‘राजीनामा’.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ प्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होते. परवानगीने दुसरे शासकीय पद स्वीकारण्यासारखा अपवाद सोडला, तर २५ वर्षे राबलेल्या माणसालाही राजीनाम्यानंतर निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येत नाही. याउलट नियम ६६ प्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी सेवा झालेला कर्मचारी नियुक्ती प्राधिकाऱ्याला ३ महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो. नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी नकार कळवला गेला नाही, तर निवृत्ती अमलात येते. घर सोडायचे एकच, पण एका दाराने शिदोरी मिळते, दुसऱ्या दाराने रिकाम्या हातांनी जावे लागते. नोटीस एकदा दिली की ती मागे घेण्यासही मंजुरी लागते, म्हणून सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून विचार करावा.

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जुनी योजना सरसकट लागू नाही. भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, अशांसाठी शासनाने २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय दिला. तेव्हा शेजाऱ्याला मिळाले ते आपल्याला मिळेलच, असे गृहीत धरू नये. आपण कोणत्या योजनेत आहोत, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आता कागद अडतो कुठे ते पाहू. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याचे प्रकरण इथल्या कार्यालयातून निघते, वेतन पडताळणीसाठी छत्रपती संभाजीनगरला जाते, तेथून नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात पोहोचते आणि मग बीडच्या कोषागारात येते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याचे प्रकरण मात्र जिल्हा परिषदेतच मार्गी लागते. या प्रवासात बहुतेक प्रकरणे परत येतात ती सेवापुस्तकामुळे. कुठे रजेची नोंद नाही, कुठे वेतननिश्चिती पडताळलेली नाही, कुठे पत्नीचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच. माणूस निघून गेल्यावर त्या एका अक्षरापायी विधवेला खेटे घालावे लागतात.

म्हणून सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घरी असावी आणि दरवर्षी अद्ययावत करून घ्यावी. देणी, शासकीय निवासस्थान व चौकशी यांबाबतची प्रमाणपत्रे आधीच मिळवावीत. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. प्रकरण रेंगाळले तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची मागणी करावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली आपली फाईल कुठल्या टेबलावर आहे हे विचारावे. प्रशासकीय दिरंगाईमुळे विहित मुदत उलटली, तर नियम १२९-अ व १२९-ब प्रमाणे उपदान व निवृत्तिवेतनावर व्याज मागता येते. कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. राज्य कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार आहे, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयाचे.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात स्पष्ट केले, की निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीची देणगी नव्हे. ते केलेल्या सेवेतून आलेले आहे. कर्तव्य पार पाडलेल्याने हक्क मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तीही राष्ट्रहित आणि श्रमिकहित परस्परविरोधी नाहीत या श्रद्धेतूनच.

मात्र हक्क कागदावर असून भागत नाही, तो वाचून दाखवणारा कुणीतरी लागतो. आपल्यात निवृत्त लिपिक आहेत, मुख्याध्यापक आहेत, वकील आहेत. त्यांनी आठवड्यातला एक दिवस या कामाला द्यावा. गरजूचे सेवापुस्तक तपासावे, अर्ज लिहून द्यावा, गरज पडल्यास त्याच्यासोबत बीडला जावे. त्याचा मोबदला घेऊ नये आणि जातपात, पक्ष विचारू नये. सेवा म्हणजे केवळ आपत्तीच्या वेळी धावून जाणे नव्हे. एखाद्या शिपायाच्या विधवेचा अर्ज अचूक लिहून देणे हीसुद्धा समाजपुरुषाची पूजाच आहे. या तालुक्यातला एकही माणूस केवळ चुकीच्या शब्दामुळे आपली कमाई गमावणार नाही, एवढे आपण मनावर घेऊ या.