लेबनानवरचं वादळ

हिब्रू बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत. त्यातलं २९ वं अवघ्या ११ वचनांचं. देवाचं ऐश्वर्य आणि सामर्थ्य इतक्या थोडक्यात, इतक्या ताकदीनं मांडणारी रचना मला तरी दुसरी माहीत नाही.

कवी देवाचं रूप वर्णन करतच नाही. ऐकू येतो तो फक्त त्याचा आवाज. मेघगर्जनेसारखा तो एकामागून एक सात वेळा येतो. वादळ पाण्यावर उठतं आणि लेबनानच्या डोंगरांवर चढतं. तिथले देवदार म्हणजे साधीसुधी झाडं नव्हेत. राजवाडे आणि मंदिरं त्यांच्याच लाकडानं उभी राहत. तेच कडाकड मोडतात. हर्मोनसारखा अजस्र पर्वत जनावराच्या पिल्लासारखा उड्या मारू लागतो! मग वादळ वाळवंटात शिरतं आणि तेही थरथरतं.

सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे १९२९ पासून उत्खनन झालं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर बाल या वादळदेवाची काव्यं सापडली, आणि त्यांची शैली या स्तोत्राच्या फार जवळची आहे. शेजाऱ्यांच्या देवाची गर्जना या कवीनं आपल्या एकमेव देवाला दिली असावी. केवढं हे धाडस!

शेवटच्या वचनात मात्र सूर बदलतो. तेच बळ लोकांना मिळावं, त्यांना शांती लाभावी, असं मागणं येतं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं, स्वागत करताना अनेक ज्यू प्रार्थनामंदिरांत हे स्तोत्र आजही म्हटलं जातं.