पहिली अॅडमिरल आणि तिच्यामागून येणाऱ्या

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात, जळगाव येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या खान्देशात समुद्र नाही. तापी सुरतेपलीकडे जाऊन समुद्राला मिळते, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध. मग नौदलातल्या एका अधिकारी बाईंविषयी आज इथे कशाला बोलायचे, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण शेवटी सांगते. आधी त्या बाईंची ओळख करून देते.

त्यांचे नाव पुनीता अरोरा. जन्म लाहोरचा. फाळणीत कुटुंब सहारनपूरला आले. सुरुवातीचे शिक्षण मुलींच्या शाळेत झाले. अकरावीत त्या मुलांच्या सरकारी शाळेत गेल्या आणि विज्ञान घेतले. १९६३ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ए.एफ.एम.सी.त, प्रवेश मिळाला. तिथली पदवीची ती दुसरीच तुकडी होती. त्या पहिल्या आल्या आणि १९६८ च्या जानेवारीत सैन्यात डॉक्टर म्हणून रुजू झाल्या.

स्त्रीरोग हा त्यांचा विषय. सैनिकांच्या बायकांची बाळंतपणे, शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार यांत त्यांची हयात गेली. २००२ च्या मे महिन्यात जम्मूजवळ कालूचक येथे दहशतवाद्यांनी सैनिकांच्या वसाहतीवर हल्ला केला. त्यातल्या जखमींवर केलेल्या उपचारांबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. १ सप्टेंबर २००४ रोजी त्या ए.एफ.एम.सी.च्या प्रमुख झाल्या. ज्या कॉलेजात विद्यार्थिनी म्हणून आल्या, त्याच कॉलेजात पहिली स्त्री प्रमुख म्हणून बसल्या, आणि लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यावर पोचलेल्या देशातल्या पहिल्या बाई ठरल्या. पुढच्या वर्षी त्या नौदलात गेल्या आणि सर्जन व्हाइस अॅडमिरल झाल्या. भूदलातल्या बाई एकदम नौदलात कशा? तर तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एकच आहे, डॉक्टर एका दलातून दुसऱ्या दलात जाऊ शकतो.

आता माझा प्रश्न असा. नौदलातली पहिली स्त्री अॅडमिरल डॉक्टरच का निघाली? जहाज चालवणारी, तोफखाना सांभाळणारी का नाही?

कारण डॉक्टर बाईंना सैन्याने १९५८ पासून पुरुषांसारखी कायम नोकरी दिली होती. बायका तपासायला बाई हवी, ही त्यांची गरज होती. बाकी नौदलाला बाईची गरज वाटत नव्हती. १९५७ च्या नौदल कायद्यात लिहूनच ठेवले आहे की सरकार जी शाखा जाहीर करील ती सोडून बाईला नौदलात घेता येणार नाही. सरकारने पहिल्या शाखा जाहीर केल्या १९९१ मध्ये: कायदा, शिक्षण आणि पुरवठा. म्हणजे ३४ वर्षे दार बंद. ते उघडले तेही अर्धेच. मुली आल्या त्या ठरावीक मुदतीवर. जास्तीत जास्त १४ वर्षे काम करायचे, मग घरी. निवृत्तिवेतनाला २० वर्षे लागतात, म्हणजे तेही नाही. बरोबरीचा पुरुष कायम होऊन वर चढायचा. बाई चाळिशीच्या आत नोकरी शोधत फिरायची. अशा नोकरीत अॅडमिरल कशी होणार? तिथे पोचायला तीस-पस्तीस वर्षे लागतात!

२००८ मध्ये धोरण आले. कायम नोकरी द्यायची, पण मोजक्या शाखांत, आणि तीही पुढे येणाऱ्यांना. आधीपासून राबणाऱ्या तशाच राहिल्या. त्या कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकल्या. सरकार अपिलात गेले. तिथे काय काय सांगितले गेले! जहाजावरचे काम बायकांना झेपायचे नाही, आणि रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघर नाही. न्हाणीघर नाही तर बांधा. बाईलाच का काढता? १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे फेटाळली. कायम नोकरीसाठी बायकांचाही पुरुषांप्रमाणेच विचार करा, असे सांगितले. ज्या अर्जदार तोवर बाहेर पडल्या होत्या, त्यांना निवृत्तिवेतन द्यायला लावले.

मधल्या काळातली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. आपल्या मूळजी जेठा कॉलेजात शिकलेल्या, १९६२ मध्ये जळगावातून आमदार झालेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपती होत्या. राष्ट्रपती म्हणजे तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती. २००९ मध्ये पुण्याला त्या सुखोई विमानातून उडाल्या, तो फोटो आपण कौतुकाने पाहिला. कौतुक खरेच होते. पण सर्वोच्च सेनापती बाई, आणि त्याच वेळी नौदलातल्या बायका नोकरीत कायम करा म्हणून भांडताहेत! एक बाई वर बसली म्हणजे खालच्या बायकांची वाट आपोआप मोकळी होत नाही. नियम बदलावा लागतो, आणि तो भांडून बदलावा लागतो.

तो आता बदलतो आहे. २०२३ च्या अखेरीस प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे ‘आय.एन.एस. ट्रिंकट’ या युद्धनौकेचे नेतृत्व देण्यात आले. युद्धनौकेच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच बाई. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुली जाऊ लागल्या. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. नाशिकला मुलींसाठी सरकारी पूर्वतयारी संस्था निघाली आहे, धुळ्याहून एस.टी.ने काही तासांवर.

आता आपले कारण सांगते. प्रबोधिनीतून नौदलात जायचे तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागते. आणि मुलगी अविवाहित असावी लागते. ऐकलेत ना? म्हणजे या दोन्ही गोष्टी दिल्लीत नव्हे, आपल्या घरात ठरतात. गावात सायन्स नाही, तालुक्याला एस.टी.ने एकटी कशी पाठवू, म्हणून आपण तिला आर्ट्सला घालतो. सतरा-अठराव्या वर्षी स्थळ आले की हळद लावतो. कोर्टाने उघडलेले दार असे आपणच लावून घेतो.

सगळ्याच मुली काही नौदलात जाणार नाहीत, आणि जावे असेही माझे म्हणणे नाही. युद्धाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, असावेत. पण जायचे की नाही हे तिने ठरवावे. तेव्हा घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या गल्लीत दहावीला बसलेली मुलगी कोण आहे ते बघा, आणि तिच्या आईशी पुढच्या वर्षाचे बोला. गणित घेण्याचे बोला, लग्न थांबवण्याचे बोला. पुढच्या बैठकीत किती आयांशी बोललात, ते मी विचारणार आहे.