तीळ, मांस आणि तराजू

(उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलास भाषणास बोलाविले म्हणजे तो कायद्याची कलमे वाचून दाखविणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती कलमे मी शेवटी सांगणारच आहे. परंतु आज प्रथम मी आपणांस स्वयंपाकघरात नेणार आहे. मनुष्याच्या हक्काचा विचार केवळ न्यायालयात होतो असे नाही. तो चुलीपाशीही होतो. आपल्या घरी काल काय शिजले हे शाळेत सांगताना ज्या मुलाची जीभ अडखळते, त्या मुलाच्या हक्कास कोठेतरी बाधा आलेली आहे, असे मी समजतो.

मी ज्या पदार्थाविषयी बोलणार आहे तो कोरिया देशातील आहे. तीळ, तिळाचे तेल, लसूण आणि सोया सॉस यांत मुरवून, तीव्र आचेवर झटपट शिजविलेले गोमांस हे त्याचे स्वरूप. त्यास तेथे बुल्गोगी म्हणतात. या शब्दाचा अर्थ अग्नीवरील मांस असा होतो. पूर्वी ते निखाऱ्यांवर भाजीत. आता घरोघरी ते तव्यावर किंवा कढईत परततात. दिवसभर कचेरीत, कारखान्यात अथवा शाळेत काम करून सायंकाळी सात वाजता घरी परतणाऱ्या कुटुंबास हा पदार्थ विशेष सोयीचा आहे. मांस आदल्या रात्री कापून मुरवून ठेवले तर सायंकाळी वीस मिनिटांत ताट वाढता येते.

महाराष्ट्रात गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी असल्यामुळे येथे म्हशीचे मांस वापरावे. चार माणसांसाठी अर्धा किलो बिनहाडाचे मांस घ्यावे. ते पाठीचे किंवा मांडीचे असावे. मांसात लांब धागे असतात. सुरी त्या धाग्यांच्या आडवी चालवून पाव सेंटिमीटर जाडीचे पातळ काप करावेत. धाग्यांच्या दिशेने कापलेला तुकडा कितीही शिजविला तरी दातांस चिवट लागतो. आडवा कापला म्हणजे धागे सुरीनेच तुटलेले असतात आणि दातांचे श्रम वाचतात. मांस बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवून किंचित घट्ट केल्यास पातळ काप सहज निघतात.

मुरवणीसाठी तीन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा साखर किंवा किसलेला गूळ, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, थोडे किसलेले आले आणि अर्धा लहान चमचा मिरपूड घ्यावी. कोरियात यात नासपतीचा कीस घालतात. त्याने मांस मऊ होते व गोडीही येते. म्हशीचे मांस अधिक चिवट असल्यामुळे आपण एक लहान चमचा कच्च्या पपईचा कीस घालावा. पपईचा चीक मांसातील धागे सैल करतो, हे आपल्या जुन्या बायकांस पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र पपई घातल्यावर मांस अर्ध्या तासापेक्षा अधिक ठेवू नये, नाहीतर ते पिठासारखे होते. आदल्या रात्री मुरवावयाचे असल्यास पपई दुसऱ्या दिवशी, शिजविण्यापूर्वी अर्धा तास घालावी. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चाखल्याशिवाय घालू नये.

आता तिळाकडे वळू. संक्रांतीचा तिळगूळ आणि भाकरीबरोबरची तिळाची चटणी यांमुळे तीळ आपणांस परका नाही. दोन मोठे चमचे पांढरे तीळ कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजावेत. ते तडतडू लागले व बदामी झाले की लगेच खाली उतरावेत. तव्यावर राहिले तर करपून कडू होतात. निम्मे अख्खे ठेवावेत व निम्मे भरड कुटावेत. कोरियातील तिळाचे तेल भाजलेल्या तिळांतून काढतात, म्हणून ते काळपट व अत्यंत सुवासिक असते. आपल्याकडील घाण्याचे तेल बहुधा कच्च्या तिळांचे असते. ते परतण्यास उत्तम, पण त्यास तो सुवास नसतो. ती उणीव कुटलेले भाजके तीळ भरून काढतात.

लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवावी. दोन चमचे तेल घालून निम्मेच मांस पसरावे आणि अर्धे मिनिट त्यास हात लावू नये. येथे घाई करून सर्व मांस एकदम टाकले तर कढई थंड होते, मांसास पाणी सुटते आणि परतण्याऐवजी ते उकडले जाते. दोन-तीन मिनिटांत लाली पूर्णपणे जाऊन कडा तपकिरी झाल्या की मांस ताटलीत काढावे आणि उरलेले निम्मे तसेच परतावे. मग त्याच कढईत एक उभा चिरलेला कांदा व एक गाजर दोन मिनिटे परतून सर्व मांस पुन्हा घालावे. शेवटी चिरलेली कांद्याची पात व तीळ घालून आच बंद करावी. भाजक्या तिळांचे तेल मिळाले असेल तर तेही याच वेळी एक चमचा घालावे. प्रथम घातल्यास त्याचा सुवास आचेवर उडून जातो. कोरियात हे भातासह, कोवळ्या पाल्यात गुंडाळून खातात. ज्वारीच्या भाकरीबरोबरही ते उत्तम लागते.

भगिनींनो, येथवर कृती झाली. आता ज्या हातांनी हे मांस शतकानुशतके कापले त्यांची हकीकत ऐका.

कोरियात जनावरे मारणारा व मांस कापणारा वर्ग बेकजंग या नावाने ओळखला जाई. तो गावाबाहेर राहत असे. त्याने रेशमी वस्त्र नेसू नये, सभ्य पुरुषांची टोपी घालू नये, इतरांच्या मुलासमोरही वाकून बोलावे, असा दंडक होता. चोसन राजवटीत बैल शेतीस लागतो म्हणून गोवंशाच्या कत्तलीवर वारंवार बंदी घातली गेली. तरीही सरदार-दरकदारांच्या पंक्तीत गोमांस असेच. राजधानी सोलमध्ये तर सोंगग्युनग्वान या राजकीय विद्यापीठाशी बांधलेल्या दासांकडे गोमांसाच्या दुकानांचा हक्क होता. म्हणजे ज्या विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवीत त्याचा व्यवहारही याच मांसाशी जोडलेला होता. खाणारा प्रतिष्ठित आणि कापणारा नीच! हा न्याय आपणांस अपरिचित वाटतो काय?

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. बेकजंग हे मूळचे त्यांचे नाव नव्हतेच. तो साध्या शेतकऱ्याचा वाचक शब्द होता. १४२३ साली राजा सेजोंग याने या बहिष्कृत लोकांस सामान्य प्रजेत मिसळून घ्यावे म्हणून त्यांना हे प्रतिष्ठित नाव दिले. परिणाम काय झाला? लोक त्यांना नवे बेकजंग म्हणू लागले, शेतकऱ्यांनी स्वतःसाठी ते नाव टाकून दिले, आणि काही काळात तोच शब्द शिवी बनला. नाव वरून मिळाले, परंतु रोटीव्यवहार, शाळा व वस्ती यांत बदल झाला नाही. सबब नावाने माणूस उठला नाही. माणसाबरोबर नाव मात्र खाली आले.

१८९४ च्या सुधारणांनी कायद्यातील दर्जाभेद रद्द झाला. त्याच सुमारास पाक संग-चुन नावाचा सोलमधील एक खाटीक ख्रिस्ती झाला. तो चर्चमध्ये येऊ लागताच काही उच्चकुलीनांनी तेथे येणे सोडले. खाटकासोबत एका बाकावर बसणे त्यांना मानवेना. पाक डगमगला नाही. आपल्या लोकांस टोपी घालण्याची मोकळीक मिळावी म्हणून झालेल्या खटपटीत तो होता, आणि १८९८ साली सोलच्या जाहीर सभेत त्याने भाषण केले. त्याचा मुलगा पाक स-यांग १९०८ साली सेव्हरन्स वैद्यकीय शाळेतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या सात वैद्यांपैकी एक होता. धर्म बदलल्याने शेजारच्या माणसाचे मन एका दिवसात बदलत नाही. परंतु बदलणाऱ्याची पाठ ताठ होते आणि त्याचे मूल शाळेत जाते. ही प्राप्ती लहान नव्हे.

पुढे एप्रिल १९२३ मध्ये, म्हणजे सेजोंगने नाव दिल्यानंतर बरोबर पाचशे वर्षांनी, जिन्जू या गावी ह्यंगप्यंगसा ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत कांग सांग-हो हा उच्चकुलीन होता आणि जांग जी-पिल हा बेकजंग कुळातील सुशिक्षित तरुण होता. संस्थेच्या नावात तराजूच्या दांडीचा शब्द आहे. ज्या तराजूने खाटीक मांस तोलतो, त्या तराजूप्रमाणे समाजाची दोन्ही पारडी समान असावीत, हा त्याचा भाव. अवमानाचे साधनच त्यांनी समतेचे निशाण केले. विरोधकांनी काय केले? जिन्जूत मोर्चे निघाले आणि खाटकांकडून गोमांस विकत घेऊ नये असा बहिष्कार पुकारला गेला. ज्या मांसावाचून पंक्ती शोभत नसे तेच मांस, कापणारा समानता मागतो म्हणताच, एकाएकी नकोसे झाले. यावरून प्रश्न मांसाचा कधीच नव्हता, हे सिद्ध होते.

आपल्या देशातही बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या प्रश्नावरील ग्रंथात गोमांसभक्षण व अस्पृश्यता यांचा संबंध तपासला आहे. त्यांनीच १९२७ साली महाड येथे मृत जनावराचे मांस खाण्याचे सोडा असे बजावले. या दोन्ही गोष्टींत विसंगती नाही. मेलेले ढोर ओढावयाचे आणि त्याचे मांस मजुरी म्हणून स्वीकारावयाचे, ही लाचारी होती. आपल्या कमाईचे पैसे देऊन, स्वच्छ दुकानातून, ताजे अन्न निवडून आणणे ही स्वतंत्र नागरिकाची कृती आहे. पहिल्या प्रकारात अन्न आपल्यावर लादले जाई, दुसऱ्यात आपण ते निवडतो.

पंचशीलाचे काय, असे काही उपासक विचारतील. मज्झिमनिकायातील जीवक सुत्तात जे मांस आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, ते भिक्षूने घेऊ नये, असा नियम सांगितला आहे. बाबासाहेबांनीही हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत भेद केला आहे. यावर विचार करून ज्यास मांस सोडावेसे वाटेल त्याने खुशाल सोडावे. याच मुरवणीत पनीर, अळंबी किंवा सोयाबीनचे तुकडेही उत्तम होतात. परंतु सोडणे असो वा खाणे असो, ते स्वतःच्या विचाराने असावे. शेजाऱ्याच्या धाकाने सोडलेले मांस हे शील नव्हे. ती शरणागती होय, आणि आपण तीनच शरणे स्वीकारली आहेत.

आता कलमे. महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम १९७६ चा आहे. त्यावरील १९९५ च्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. म्हैस या सरसकट बंदीत नाही. परंतु तिच्या कत्तलीस सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी वैध ठरविली. मात्र परराज्यात कायदेशीरपणे कापलेले गोमांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम ५ डी आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम ९ बी ही दोन्ही घटनाबाह्य ठरवून रद्द केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यांतील एका न्यायमूर्तींनी, काय खावे हे शासनाने सांगावे असे कोणासही रुचणार नाही, असा अभिप्राय स्वतंत्र निकालपत्रात नोंदविला.

यावरून व्यवहाराचे चार नियम निघतात. मांस परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. पावती मागून घ्यावी आणि तीवर म्हशीचे मांस असा स्पष्ट उल्लेख करवून घ्यावा. ती पावती मांस संपेपर्यंत फेकू नये. कोणी पिशवी तपासू लागल्यास, तो पोलीस अधिकारी किंवा शासनाने अधिकृत केलेली व्यक्ती नसेल तर त्यास तो अधिकार नाही. अशा वेळी हाणामारी न करता साक्षीदार गोळा करावेत, पोलिसांस बोलवावे आणि वकिलास कळवावे. कायदा मोडू नये आणि कायद्याच्या नावाने कोणी धाक घातला तर भिऊही नये.

शेवटी बंधूंस एक सूचना. मांस पातळ कापणे हे या कृतीतील सर्वांत कष्टाचे काम आहे. ते आपण करावे. पत्नीही दिवसभर काम करून आली आहे. समतेची मागणी जगापाशी करावयाची आणि घरी पाटावर बसून ताटाची वाट पाहावयाची, हे तराजूस धरून नाही. मुलांस तीळ भाजावयास लावा. तीळ भाजता भाजता त्यांना जिन्जूच्या खाटकांची हकीकत सांगा. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी विचारले की काल घरी काय केले होते, तर त्या मुलाने मान वर करून, पदार्थाचे नाव घेऊन, खरे उत्तर द्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!